कुणाचा शनिवार

रविवार, २२ सप्टेंबर

माझा मामेभाऊ ग्लेन आज नान्नूंचं गवत कापायचं मशीन टाकून गेला. टाकून, हाच शब्द बरोबर. पिकअपचं फळकुट उघडलं, मशीन खाली ढकललं आणि हात झटकले.

"घ्या प्रोफेसरीणबाई, तुमचा वारसा."

"तुला नको होतं?" मी विचारलं.

"माझ्या फ्लॅटात काय गालिचा कापू? ज्याच्या दारात गवत त्याला मशीन, असं म्हातारा सांगून गेला. आपल्या अख्ख्या खानदानात गवत फक्त तुझ्या दारात."

हे खरं आहे. माल्टाहून आलेल्या आमच्या नान्नूंनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ऑस्ट्रेलियात, मॉरवेलमध्ये घर घेतलं तेव्हा पहिलं काम केलं ते पुढचं-मागचं अंगण काँक्रीट करून टाकण्याचं. एका लिंबापुरतं भोक ठेवलं. तरी मशीन लागलंच. फाटक आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी असते नगरपालिकेची, पण कापायची ज्याच्या दारासमोर असेल त्याने. तिच्यावर काँक्रीट ओतू देत नाहीत. म्हणजे नान्नूंचं एकमेव गवत सरकारचं होतं आणि ते जन्मभर त्यांनी वैऱ्याची हजामत करावी तसं कापलं.

मशीनचा दांडा वाकडा आहे. उंची कमी-जास्त करायची कळ तुटलेली, ती जागा कुंपणाच्या तारेने आवळून बांधलेली. मागचं एक चाक बाबागाडीचं. ओढायची दोरी मशीनला जोडलेली नाही. गाठीची सुटी दोरी वरच्या चाकावर गुंडाळायची आणि खेचायची. ग्लेनने तीन-चारदा खेचली. मग माल्टीजमधून एक अशी शिवी दिली की मी रस्त्याकडे पाहिलं. मशीन सुरू झालं.

"बघ. इंग्रजी शिवी चालत नाही त्याला."

तो गेल्यावर मी मशीन नीट पाहिलं. सगळ्या बोल्टांवर जुना चिकटा आहे, एक बोल्ट मात्र स्वच्छ आहे. आतलं काही चांगलं काढून घेतलं असेल का? ग्लेन असं करणार नाही. पण बोल्ट स्वच्छ आहे, एवढं लिहून ठेवते.

घर माझं होऊन आठवडा झाला. अजून दारावर कुणी थाप मारली की वाटतं, चूक झाली म्हणून सांगायला आले. आमच्यात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी गेले, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लागले. आता घर. इतकं सरळ कुणाचं होतं?

शनिवार, २८ सप्टेंबर

सकाळची पाळी संपवून आले तर दारासमोरची पट्टी कापलेली. मी कापली नव्हती.

शेजारच्या म्हाताऱ्या नोरीनबाई नारिंगी वायर कोपरावर गुंडाळत उभ्या होत्या. त्यांचं मशीन विजेचं, वायर खिडकीतून येते. अंगाने चिमणीएवढ्या, डोक्यावर पुरुषाची हॅट. त्यांच्या दारासमोरचं आणि माझ्या दारासमोरचं असं सगळं एकसलग कापलेलं होतं. आमच्या दोन पट्ट्यांमध्ये कुंपण नाही. दगड नाही, काही नाही.

"झालं एकदाचं. फार वाढलं होतं," त्या म्हणाल्या.

मी आभार मानले. आभार मानायला नको होते की काय, असं आता वाटतंय.

"पुढच्या वेळी तू बघ," असं म्हणून त्या आत गेल्या.

पुढच्या वेळी तू बघ. काय बघू? हे आत्ताच लिहिलं, म्हणजे उद्या शब्द बदलणार नाहीत.

रविवार, २९ सप्टेंबर

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "फुकट कुणी कुणाचं गवत कापत नाही, रोमिना."

आणि मला माल्टातल्या गोझो बेटावरची गोष्ट पुन्हा ऐकवली. तिथे नान्नूंच्या वडिलांच्या शेताला दगडी बांध होता. शेजारी सालोसाल बांध कोरत गेला, एकेक दगड इकडे सरकवत. शेवटी आमच्याकडे बैल वळवायलाही जागा उरली नाही. म्हणूनच नान्नू बोटीत बसले, असं आई म्हणते.

"आणि सुरुवात कशी केली त्याने माहितेय? आमच्या बाजूचं गवत कापून दिलं! 'तुमचं वाढलं होतं' म्हणे!"

मी म्हटलं, "मा, ती पट्टी माझी नाहीच, नगरपालिकेची आहे."

"मग तर जास्तच जप. जे कागदावर आपलं नसतं ते आधी जातं."

ती अडाणी आहे असं मी म्हणत नाही. कागद तिने माझ्यामार्फत वाचले, माणसं स्वतः.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज स्वतः कापलं.

आधी हद्द आखली. घराचा नकाशा काढला, फाटकापासून मोजलं, दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. कुणाचं एक पातं आपल्याकडून कापलं जायला नको आणि आपलं कुणाला जायला नको. नान्नू असेच कापायचे; त्यांच्या पट्टीची कड सुरीने पाव कापावा तशी असायची.

मग मशीन. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. मिश्रण करण्यात मी कच्ची नाही, प्रयोगशाळेत दुसरं काय करते? पण दोरी खेचून खेचून खांद्याचं भुसकट झालं. एकदा हळूच आजूबाजूला पाहून ग्लेनची शिवीसुद्धा दिली. काही नाही. कुंपणापलीकडून आवाज आला, "दोरी सैल धर, पेग! उलटी गुंडाळलीस तू!"

पेग म्हणजे या घरात आधी राहायच्या त्या बाई. हिवाळ्यात गेल्या, त्यांच्या भाच्यांनी मला घर विकलं. नोरीनबाईंनी मला मेलेल्या बाईच्या नावाने हाक मारली आणि त्यांना ते कळलंही नाही.

दोरी उलटी होती, हे खरं.

मशीन सुरू झाल्यावर इतका निळा धूर निघाला की मॅगपाय पक्षीसुद्धा तारेवरून उठून गेले, नाहीतर सध्या घरट्यात पिल्लं असल्याने ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेपावतात. मी सुतळीपर्यंत कापलं आणि थांबले. माझ्या बाजूचं आखूड, त्यांच्या बाजूचं आठवड्याचं वाढलेलं, मध्ये सरळ रेघ. इतकी सरळ रेघ मी शाळेतही मारली नसेल.

नोरीनबाई ओसरीवरून पाहत होत्या. "झालं?"

"हो, माझं झालं."

"तुझं झालं," त्या म्हणाल्या. सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जाळीचं दार लावून घेतलं.

इतक्या साध्या दोन शब्दांत कुणी एवढा राग कसा भरतं? हद्द आखलेली त्यांना का खुपावी? ज्याच्या मनात काही नाही त्याला हद्द खुपत नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पाळीवरून आले तर पुन्हा दोन्ही बाजू कापलेल्या. सुतळी गुंडाळून, खुंट्या उपटून माझ्या पायरीवर नीट मांडून ठेवलेल्या. खुंट्यांची माती पुसलेली होती. हे मला जास्त भीतिदायक वाटलं.

आई म्हणते, "सुरुवात झाली."

मी फोटो काढून ठेवले. खुंट्या परत ठोकल्या.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रयोगशाळेत जेवायच्या सुट्टीत हा विषय काढला. सगळे हसले. एक जण म्हणाला, "तुझं गवत कुणी फुकट कापतंय आणि तुला झोप येत नाही? माझ्याकडे पाठव बाईला." यांच्या घराण्यात शेत गेलेलं नाही. माझ्यासारखं पहिलंच घरही नसेल.

शनिवार, १९ ऑक्टोबर

कापलं, सुतळीपर्यंत. आता दोरी सुलटी गुंडाळते, पण गरम झालं की मशीन बंद पडतं आणि मग अर्धा तास रुसून बसतं. तेवढ्या वेळात मी पायरीवर बसते आणि सगळा रस्ता मला बसलेली पाहतो.

धूर नोरीनबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. मी धावत जाऊन माफी मागितली, चादरी धुऊन देते म्हटलं.

"चादरींचं सोड," त्या म्हणाल्या. "हा तुझा शनिवार होता ना?"

"हो, आज मला सुट्टी असते. एक शनिवार काम, एक शनिवार सुट्टी."

"ते मला ठाऊक आहे. मी काय विचारतेय?"

मला समजलं नाही त्या काय विचारत होत्या. मी म्हटलं, "माझं मी कापलं, नोरीनबाई. तुमच्या बाजूला एक चाकसुद्धा घातलं नाही."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून." मग हॅट काढली, परत घातली. "पेगनं हे नसतं केलं."

म्हणजे माझ्या कामाच्या वेळा त्यांना ठाऊक आहेत. मी घरी नसते कधी, हे त्या पाहून ठेवतात. घराची मागची कडी बदलून घ्यायला हवी.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज मी पाळीवर होते. परत आले तर काहीच कापलेलं नाही. ना माझ्या बाजूचं, ना त्यांच्या. नारिंगी वायरही दिसली नाही. नोरीनबाई ओसरीवर हात बांधून बसलेल्या. मी हात हलवला. त्यांनी नाही.

जिंकले म्हणावं तर तसं वाटत नाही. काहीतरी शिजतंय.

रविवार, २७ ऑक्टोबर

शिजतंयच. दुपारी पांढऱ्या गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. नोरीनबाईंच्या पट्टीवर उभी राहिली, फोन काढला, गवताचे फोटो घेतले. मग माझ्या सरळ रेघेचे घेतले, वाकून, जवळून. मी पडद्यामागे होते.

नगरपालिकेची बाई रविवारी येईल का? वकील असेल? धुराची तक्रार असेल. जुनं धूर ओकणारं मशीन वापरल्याबद्दल काही नियम आहे का हे शोधत बसले. सापडला नाही. नाही म्हणजे असेलच.

सोमवार उजाडेपर्यंत माझी बाजू पक्की हवी. आजच माझ्या बाजूचं कापून टाकलं. त्यांचं आता घोट्यापर्यंत आलंय. दोन्ही बाजूंत फरक इतका दिसतो की रस्त्याने जाणारे सावकाश होतात.

रविवार, ३ नोव्हेंबर

ती बाई आज माझ्या दारावर आली. हातात केक. मी केक आत घेतला नाही, दारातच उभी राहिले.

"मी लिनेट. नोरीनची मुलगी. मेलबर्नला असते."

मुलगी! मी इतकी सैल पडले की केक घेतला.

लिनेट दमलेली दिसत होती. दोन तास गाडी चालवून येते, दर रविवारी. हिवाळ्यात नोरीनबाई न्हाणीघरात पडल्या आणि कुणाला बोलल्या नाहीत. निळी मांडी पाहून हिला कळलं. "तुला शेजारीण म्हणून विचारते. तू शिकलेली आहेस, भावनेच्या भरात बोलणार नाहीस. मम्मीचं चाललंय ना बरं?"

मी म्हटलं, जे पाहिलं तेवढंच सांगेन.

"तेवढंच हवंय. गवत बघितलंस? आयुष्यात मम्मीचं गवत असं वाढलं नाही. जमत नाही आता तिला, हो ना? कापते का कधी?"

"बारा ऑक्टोबरनंतर नाही कापलं."

"आणि विचारलं की म्हणते, 'मुलीचा शनिवार आहे.' कुठल्या मुलीचा? मी येते रविवारी! मी शनिवारी कधी आलेच नाही!" तिचा आवाज फाटला. "गोंधळते. वार कळत नाहीत."

मी तिला सांगितलं की मलाही शनिवारबद्दल असंच काहीतरी विचारलं होतं. आणि मला एकदा पेग म्हणून हाक मारली होती. आणि माझ्या खुंट्या उपटून ठेवल्या होत्या. एकेक तारीख सांगितली. लिनेट ऐकता ऐकता डोळे पुसत होती आणि मान हलवत होती. तिने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं.

"बारा तारखेला मंगळवारी तपासनीस बाई येणार आहेत," ती म्हणाली. "मम्मी एकटी राहू शकते का ते ठरवायला. तुझं म्हणणं त्यांना सांगितलं तर चालेल ना? बघ, वृद्धाश्रमात बाग आहे. गवत कापायला माणूस आहे."

मी हो म्हटलं. खरं तेच सांगितलं होतं, नाही म्हणायला कारण नव्हतं.

तक्रार माझ्याविरुद्ध नव्हती. इतके दिवस उगीच जीव टांगणीला लागला होता. आज झोप लागायला हरकत नाही. केक बरा आहे, थोडा कोरडा.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मेलबर्न कपची सुट्टी. रस्त्यावर सगळीकडे घोड्यांच्या शर्यतीचा रेडिओ. नोरीनबाईंच्या घरातून नाही. झोप लागली नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज जे कळलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी त्यातून स्वतःला सोडवून घेईन.

समोर काझ राहतात, पोलिश, खाणीत नान्नूंबरोबर होते. संध्याकाळी मशीनचा धूर का वाढलाय म्हणून मी ते पायरीवर उलटं करून बसले होते. ते रस्ता ओलांडून आले, मदतीला नाही, गप्पांना.

"शेवटी तुम्हा दोघींचं भांडण काय आहे गं?" ते म्हणाले. "सगळा रस्ता विचारतोय. आमच्यात पैजा लागल्यात, आधी कोण कापेल म्हणून."

"भांडण नाही. माझं मी कापते, त्यांचं त्यांनी कापावं."

"अरे देवा! म्हणजे खरंच भांडण आहे."

"त्यात भांडण कसलं?"

काझनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना खाली ठेवला. "पोरी, या रस्त्यात आपल्यापुरतं कापून थांबणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. निदान एक पट्टा पलीकडे ओढायचा असतो. आणि तू तर सुतळी बांधलीस! मी बायकोला बाहेर बोलावून दाखवली."

मी म्हटलं, आमच्या नान्नूंनी कधी पलीकडे चाक नेलं नाही.

"म्हणून तर त्यांच्याशी त्यांचा शेजारी वीस वर्षं बोलत नव्हता! तुला वाटलं का नव्हता बोलत?"

आम्हाला वाटायचं शेजारी बांध कोरायची संधी शोधतोय.

"आणि पेग-नोरीनचं तर वेगळंच होतं," काझ म्हणाले. "एक शनिवार हिचा, एक शनिवार तिचा. जिचा शनिवार तिने दोन्ही बाजू कापायच्या. पस्तीस वर्षं. त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नसतील कधी, बोलायचं काय त्यात? पेग आजारी होती तेव्हा नोरीननं तिचे शनिवार ओढले. तू आलीस तर पहिला शनिवार तिनंच कापला, म्हटलं असेल नवी आहे. मग तुझा होता. तू अर्धाच केलास. तरी बाईनं पुढचा आपला पूर्ण केला. मग परत तुझा, परत अर्धा. आता ती म्हणते, मुलीचा शनिवार पुरा झाल्याशिवाय माझा सुरू होत नाही. हट्टी आहे म्हातारी."

पुढच्या वेळी तू बघ. हा तुझा शनिवार होता ना. मुलीचा शनिवार आहे.

मुलगी मी.

वार कळत नाहीत असं नव्हतं. सगळ्या रस्त्यात त्यांनाच वार नीट ठाऊक होते. आणि मी त्यांच्या मुलीला तारखा दिल्या, एकेक, बरोबर. एकही खोटी नव्हती.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लिनेटला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तू आता मम्मीला भेटून आलीस का? तिनं सांगायला लावलं?"

"नाही. काझनी सांगितलं."

"आणि पेग म्हणून हाक मारली ते? तेही काझनं मारली?"

मी म्हटलं, ती त्यांनीच मारली. पस्तीस वर्षं त्या कुंपणापलीकडे पेगलाच हाक मारत होत्या, जीभ वळली असेल. असेलही आणि नसेलही, मला माहीत नाही.

"बघ," लिनेट म्हणाली, "परवा तू खात्रीनं बोलत होतीस, आज तू खात्रीनं दुसरं बोलतेयस. मी कुठल्या रोमिनाचं ऐकू? मांडी निळी होती ती मी पाहिलीय."

ती वाईट नाही. भ्यायलेली आहे. हे मला कळतं, कारण मीही दीड महिना तशीच होते आणि मीही पुरावेच गोळा करत होते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पाळी बदलून मागितली. आज गवत मंगळवारी तपासायला येणाऱ्यांसाठी कापत नाही, देणं आहे म्हणून कापतेय, असं स्वतःला बजावलं. दोन्ही खरं आहे.

सुतळी काढून टाकली. माझी बाजू झटक्यात झाली. त्यांच्या बाजूला शिरले आणि तीन हातांवर मशीन गुदमरून बंद. गवत गुडघ्याला यायच्या बेतात, खाली ओलं. तार सोडून उंची वाढवली, तर बाबागाडीचं चाक निघालं. ते दामटून बसवलं. शेवटी एक युक्ती सापडली: दांडा खाली दाबून पुढची बाजू उचलायची, एक वीत पुढे सरकायचं, मग हळूच गवतावर टेकवायची. उचलायचं, सरकायचं, टेकवायचं. तापून बंद पडलं की पायरीवर, या वेळी त्यांच्या पायरीवर, बसून राहायचं.

नोरीनबाई जाळीच्या दाराआड उभ्या होत्या. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर बाहेर आल्या.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही. माझा शनिवार आहे."

"आज नाहीये. तुझे सुट्टीचे शनिवार मी मोजलेत. लिनेटनं सांगितलं ना? मंगळवारी ती बाई येणार, तर दारात हजामत झालेली असावी. का उलटं? शेजारणीला कापावं लागतं असं लिहून घ्यायचंय?" त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, कुणी फोटो काढतंय का म्हणून. "काय हवंय तुला माझ्याकडून? घर? लिनेट विकणार आहे, तुला आधी विचारलं असेल तिनं."

मी दीड महिना जे त्यांच्याबद्दल लिहीत होते ते त्या मला शब्दाशब्दाने ऐकवत होत्या. आणि त्यांच्यापाशी तसं वाटायला कारण होतं.

"लिनेटला मी सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही बारा ऑक्टोबरनंतर कापलं नाही, हे मीच सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्यानंतरचा शनिवार माझा होता, दोन्ही बाजूंचा. आमच्यात दुसऱ्याच्या बाजूला चाक नेत नाहीत."

त्यांनी जाळीचं दार धरलं. मला वाटलं दार लावतील.

"दोन अर्धे झालेत तुझे," त्या म्हणाल्या. "एक पूर्ण त्यांची भरपाई. आजचा तो धर. मग पुढचा माझा." आणि आत जाता जाता, "फार खालून कापतेस. मुळं जळतात."

दुपार कलली तेव्हा संपलं. हातांना पाना धरवत नव्हता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कामावरून आले तेव्हा तपासनीस बाई निघत होत्या. हसऱ्या होत्या. त्यावरून काही कळत नाही. आम्हीसुद्धा रक्त काढायला नळी हातात घेताना हसतो.

लिनेट गाडीपाशी थांबली. "मम्मीला विचारलं आज वार कुठला, तर म्हणाली मंगळवार, आणि शनिवारी गवत माझं आहे. आणि त्यांनी विचारलं, जमेल? तर म्हणाली शनिवारी येऊन बघा." लिनेट हसली नाही. "तीन महिने थांबू म्हणाल्या, मग पुन्हा येतील. तोवर मी नजर ठेवायची."

शनिवार, १६ नोव्हेंबर

घरीच राहिले. नोरीनबाईंनी खिडकीतून वायर सोडली, हॅट घातली आणि सुरू केलं. मी चहा घेऊन पायरीवर बसले. मदत करायची नव्हती; तो माझा दिवस नव्हता.

सावकाश चालतात. वळताना वायर पायात येते, तेव्हा मी पायरीवरून अर्धी उठते. एकदा मध्येच थांबल्या, मशीन चालूच, आणि कुठे निघालो होतो हे आठवत असल्यासारख्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. मी कप खाली ठेवला. मग त्या वळल्या, पुढे निघाल्या. दोन्ही बाजू केल्या, माझ्या फाटकापर्यंत. दोन झुपके तसेच राहिले. त्यांना दिसले नाहीत.

"झालं!" त्या ओरडल्या.

"झालं," मी म्हटलं.

त्या वायर गुंडाळून आत गेल्या आणि माझा फोन वाजला. लिनेट.

"कापलं मम्मीनं?"

"हो. त्यांचा शनिवार होता."

"सगळं?"

"दोन्ही बाजू."

"नीट? खरं सांग हं. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुलाच विचारते. कुठे राहिलंय का?"

पायरीवरून ते दोन झुपके स्वच्छ दिसत होते.

"दोन झुपके राहिलेत. पण ते माझ्या बाजूला आहेत, लिनेट. माझं कसं कापलंय ते मी ठरवणार, आणि मला ते चालतंय."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

झुपके पट्टीच्या साधारण मधोमध आहेत. नक्की कुणाच्या बाजूला, ते मी मोजलं नाही.